दुधाच्या कॅनखालची विलायती फ्रेम: भुसावळमधली एक खरेदी

जळगावच्या एका शिक्षकांना पाल, तोरणमाळ अशा सातपुड्यातल्या लांब फेऱ्यांसाठी जुनी स्टीलची टूरिंग फ्रेम हवी होती. भुसावळमधल्या एका भंगारवाल्याकडे हिरव्या ऑइलपेंटने रंगवलेली एक सायकल आली होती. मागे दुधाचे कॅन अडकवायला अँगल वेल्ड केलेले, खाली दोन पायांचा जाड स्टँड, दांडीवर पेंटरने हाताने काढलेलं 'रॅले'. सांगितलेली किंमत ६,००० रुपये, आणि पुरावा म्हणून "विलायती माल शे, सर" एवढंच वाक्य.

दोन गोष्टी ठरवायच्या होत्या: फ्रेम कुठली आणि कोणत्या काळातली, आणि ती सामान लादून चालवण्याजोगी आहे का. लोक पहिल्या प्रश्नात रमतात. पैसे मात्र दुसऱ्यात बुडतात.

दांडीवरच्या नावाला काडीचीही किंमत द्यायची नाही. रॅलेच्या सायकली आसनसोलला सेन-रॅले कारखान्यात बनत. हर्क्युलिस, फिलिप्स, बीएसए ही इंग्लिश नावं मद्रासच्या टीआय सायकल्सने घरोघरी पोचवली. त्यामुळे आपल्याकडे इंग्लिश नावाची सायकल म्हणजे इंग्लंडची सायकल असं कधीच नव्हतं. त्यात पेंटर गिऱ्हाईक सांगेल ते नाव काढून देतो. परदेशी स्टिकरही आता हुबेहूब छापून मिळतात, म्हणून नळीवर '५३१' (इंग्लंडच्या रेनॉल्ड्सच्या नावाजलेल्या नळीचा नंबर) लिहिलेलं दिसलं तरी लगेच हुरळून जायचं कारण नाही.

तरीही ही फ्रेम साध्या काळ्या सायकलीची नव्हती, हे रंगाखालूनही दिसत होतं. मागच्या आणि पुढच्या दोन्ही टोकांना (जिथे चाकाचा एक्सल बसतो) दोन-दोन भोकं होती: एक मडगार्डच्या तारेसाठी, एक कॅरियरसाठी. चिमट्याच्या (पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कच्या) दोन्ही पायांवर मधोमध आट्यांची भोकं होती. पुढच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना खाली बॅगा लावायचं कॅरियर तिथे बसतं, आणि ही पद्धत १९८०च्या सुमारास रुळली. चिमट्यावर आणि मागच्या वरच्या नळ्यांवर कँटिलिव्हर ब्रेकचे खुंट होते. मागच्या खुंटांना कॅनची आडवी पट्टी बोल्टने आवळलेली होती. गिअरच्या दांड्यांसाठी खालच्या तिरप्या नळीवर दोन उंचवटे. यातली एकेक गोष्ट दुसऱ्या प्रकारच्या सायकलवरही सापडते, पण सगळ्या एकत्र, आणि वर बीबीच्या (बॉटम ब्रॅकेट, पेडलचा आस जिथे फिरतो तो भाग) मध्यापासून मागच्या एक्सलपर्यंत ४४५ मिमी अंतर, असं असलं की ती टूरिंगचीच. रेसिंग फ्रेममध्ये हे अंतर ४१० ते ४२०च्या आसपास असतं. टूरिंगला ते लांब ठेवतात, नाहीतर पेडल मारताना टाच मागच्या बॅगेवर आपटते.

तब्येत आधी, कूळ नंतर

फ्रेम ओळखायला बसण्याआधी ती मोडकी आहे का ते बघायचं. क्रम ठरलेला आहे. चिमटा मागे दबलाय का हे बाजूने पाहायचं: डोक्याच्या नळीची (हँडल जिच्यात फिरतं ती) सरळ रेषा खाली वाढवली तर चिमट्याचा वरचा सरळ भाग तिच्यातच पडला पाहिजे. मग दांडीच्या आणि तिरप्या नळीच्या खालच्या अंगाला, डोक्याच्या लगपासून (नळ्या जोडणाऱ्या सांध्यापासून) दोन ते पाच सेंटिमीटर मागे, बोट फिरवायचं. समोरून धडकलेल्या फ्रेमला तिथे सुरकुती येते. जाड ऑइलपेंटने ती डोळ्याला दिसत नाही, बोटाला लागते. टॉर्च नळीला जवळजवळ चिकटवून आडवा धरला तर सावलीतही पकडता येते. इथे सुरकुती नव्हती.

पुढे चुंबक. स्टील आहे का हे त्याने तपासायचं नाही, ते आहेच. फ्रिजवरचा छोटा चुंबक नळ्यांवरून सरकवत न्यायचा. जिथे पकड एकदम ढिली पडते तिथे रंगाखाली लांबी (पुट्टी) भरलेली असते. दांडीच्या मधोमध अशी एक जागा सापडली. लांबी खरवडल्यावर दोन मिमी खोल, अंगठ्याएवढा पोचा निघाला. असा पोचा चालवायला धोक्याचा नाही, आणि वर एक इशाराही देतो: नळी मध्ये पातळ आहे. जाड नळीला सायकल नुसती खांबावर कलंडून असा पोचा पडत नाही.

सरळपणा तपासायला सुतळी पुरते. मागच्या एका टोकापासून सुतळी निघून डोक्याच्या नळीला वळसा घालून दुसऱ्या टोकाला येते. ती ताणून बांधली की बसकीच्या (सीटच्या) उभ्या नळीपासून दोन्ही बाजूंना अंतर मोजायचं. दोन अंतरांत एक-दोन मिमीचा फरक चालतो. इथे एकीकडे ३१, दुसरीकडे ३०. दुधाच्या ओझ्याखाली राहिलेल्या फ्रेमला हे उत्तम.

आता वेल्डिंग. या प्रकरणातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच होती. अशा फ्रेमच्या मागच्या नळ्यांची भिंत एक मिमीपेक्षाही पातळ असते, आणि जोड पितळ किंवा चांदीच्या मिश्रधातूने, स्टीलच्या वितळबिंदूच्या कितीतरी खाली, भरलेला असतो. तिथे अँगल जोडणारा ग्रिलवाला ३.१५ मिमीचा रॉड घेऊन आर्क मारतो. जाड अँगलला लागणारा करंट पातळ नळीला जड होतो: शिवणीच्या काठाला नळी खाल्ली जाते आणि शेजारचा पट्टा एकदम तापून भराभर निवल्याने कडक, ठिसूळ बनतो. तडा शिवणीत जात नाही, शिवणीच्या काठाला जातो.

अँगल आणि स्टँड ग्राइंडरने नळीला लावून कापायचे नाहीत. हॅकसॉने नळीपासून पाच मिमी सोडून कापायचे आणि उरलेलं कानशीने, शेवटचा मिलिमीटर अगदी बारीक कानशीने. ग्राइंडर एकदा घसरला की नळीत खाच पडते, आणि ती वेल्डपेक्षा वाईट. मग डीपी टेस्ट (डाय पेनिट्रंट, म्हणजे रंगाने तडे शोधायची चाचणी). दीपनगरच्या वीजकेंद्राची कामं करणाऱ्या फॅब्रिकेटरांकडे त्याचं तीन डब्यांचं किट असतं. जागा उघडी धातू होईपर्यंत साफ करायची, लाल डाय मारून दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, फडक्याने पुसायचं (डाय थेट क्लीनरने धुवायचा नाही, तड्यातला डायही निघून जातो), आणि पांढरा डेव्हलपर फवारायचा. तडा असेल तर पांढऱ्यावर लाल रेघ उमटते.

वरच्या दोन्ही नळ्या स्वच्छ निघाल्या. उजव्या खालच्या नळीवर, स्टँडच्या शिवणीच्या काठाला, लाल रेघ आली नाही पण साधारण दोन सेंटिमीटर लांबीची खाल्लेली खोबण दिसली. नखाला लागेल एवढी. म्हणजे तडा अजून नाही, पण जायचा असेल तर तिथूनच जाणार.

मागच्या चाकाने आणखी एक खूण ठेवली होती. फ्रेममध्ये गावठी २८ × १½चं चाक बसवलं होतं. त्या रिमचा व्यास ६३५ मिमी आणि टायर जवळजवळ ४० मिमी रुंद, त्यामुळे खालच्या नळ्यांच्या आतल्या बाजूला टायर घासून रंग आणि थोडी धातू गेली होती. खोल नव्हतं. केळीच्या बागेत चिखलातून चाललेल्या सायकलींना अशी घासण जास्त खोल होते, कारण टायरला चिकटलेली माती कानशीसारखी काम करते.

मापं बोलतात, पण एका मापावर विश्वास नाही

सगळ्यात उपयोगी माप म्हणजे बसकीच्या दांड्याचा व्यास. गणित सोपं आहे. इंग्लिश मापाच्या फ्रेमची उभी नळी बाहेरून २८.६ मिमी असते. त्यातून भिंतीच्या जाडीची दुप्पट वजा करा, मग सरकायला ०.२ सोडा. वरच्या टोकाला भिंत ०.६ असेल तर दांडा २७.२चा. भिंत ०.९ असेल तर २६.६ ते २६.८, साध्या जाड नळीला २६ किंवा त्याहून कमी. भारतीय रोडस्टरला २५चा दांडा लागतो.

या सायकलीत २५चाच दांडा होता. इथेच बरेच जण फसतात: २५ म्हणजे देशी, म्हणजे जाड लोखंड, म्हणजे सोडून द्या. पण क्लँपचा बोल्ट ढिला करून दांडा काढला तर त्याच्याभोवती तेलाच्या डब्याचा पत्रा दोन वेढे गुंडाळलेला निघाला. मूळ दांडा हरवला, मेकॅनिककडे जो होता तो त्याने पत्रा घालून बसवला. क्लँप वर्षानुवर्षं आवळला गेल्याने नळीचं तोंड चपटलं होतं, म्हणून तोंडापाशी माप घेऊन उपयोग नव्हता. फटीच्या खाली, तोंडापासून चार सेंटिमीटर आत, गंज साफ करून दोन आडव्या दिशांनी मोजलं तर २७.३ आणि २७.४. म्हणजे दांडा २७.२चा. व्हर्निअरचे जबडे तितके आत जात नाहीत, त्यामुळे लेथवाल्याकडून ॲल्युमिनियमचा पायऱ्यांचा गेज (२६.८, २७.०, २७.२) वळवून घेणं बरं. जळगाव एमआयडीसीत हे तासाभराचं काम आहे आणि पुढच्या प्रत्येक फ्रेमला कामी येतं.

दांडी २५.४, उभी आणि तिरपी नळी २८.६. फ्रेंच असती तर २६ आणि २८ आलं असतं. रंगाचे थर मापात धरले जातात हे विसरू नये. चार हातांचा ऑइलपेंट अर्धा मिमी सहज खातो, आणि अर्ध्या मिमीत देश बदलतो. नळी जिथे मोजायची तिथे रंग काढूनच मोजावी.

मग बीबी. उजवी कटोरी (छर्रे धरणारी, आट्यांनी बसणारी) काढताना मेकॅनिकने सवयीने डावीकडे फिरवायला सुरुवात केली. इंग्लिश आट्यांची उजवी कटोरी उलटी असते, घड्याळाच्या दिशेने सुटते. तिची चपटी कड आधीच कुणीतरी याच चुकीपायी गोल केलेली होती. शेवटी मोठा बोल्ट आणि वॉशरांनी दोन्हीकडून कटोरी घट्ट पकडून, बोल्टचं डोकं उजवीकडे फिरवून ती निघाली. कटोरी बाहेरून ३४.८ मिमी. इटालियन ३६ आणि दोन्ही बाजू सरळ आट्यांची, फ्रेंच ३५. शेल (बीबी जिच्यात बसतो ती आडवी नळी) ६८ मिमी रुंद.

आटे मोजायला पिच गेज नसेल तर कटोरीच्या आट्यांवर साधी पट्टी ठेवून एकापासून दहाव्याच्या पुढच्यापर्यंत, म्हणजे दहा अंतरं मोजावीत, कटोरीवर तेवढे आटे नसतील तर पाच मोजून दुप्पट करावी. इंचाला २४ आटे असतील तर १०.६ मिमी भरतं, २६ असतील तर ९.८, फ्रेंचला बरोबर १०. इथे १०.६ आलं. नॉटिंगहॅमच्या रॅलेने आपल्या बहुतेक सायकलींना २६ आट्यांचं स्वतःचं माप ठेवलं होतं, त्यामुळे दांडीवरचं नाव इथेही खोटं ठरायला लागलं. तरी हे पूर्ण उत्तर नाही. रॅलेनेच विकत घेतलेल्या वर्कसॉपच्या कार्ल्टन कारखान्यातून २४ आट्यांच्या चांगल्या फ्रेमही निघत.

शेल उघडा असताना टॉर्च आत मारून नळ्यांच्या आतली बाजू बघायची. वेल्ड करून बनवलेल्या नळीत आतून लांबभर शिवणीची रेघ दिसते किंवा बोटाला लागते. इथे आत सगळं गुळगुळीत, फक्त गंजाचा भुकटा. खान्देशची कोरडी हवा इथे उपयोगी पडते; कोकणात ठेवलेल्या फ्रेमचा बीबी शेल बऱ्याचदा आतून पापडी धरून बसलेला मिळतो.

इंग्लिश मापं जपानी फ्रेमचीही असतात, म्हणून अजून एक माप लागतं. चिमट्याच्या मुळाशी, डोक्याची खालची कटोरी जिथे बसते तिथला व्यास इथे २६.४ निघाला. जपानच्या सर्वसाधारण कारखान्यांचं जेआयएस (जपानी मानक) माप २७.० असतं, डोक्याच्या नळीच्या आत ३०.० (इंग्लिश आणि इटालियनला ३०.२). महागड्या जपानी फ्रेमना २६.४ही सापडतं, त्यामुळे याने जपान बाद होत नाही, फक्त मागे पडतो.

नंबर, कोड आणि अर्धवट स्टिकर

शेलखालचा नंबर शोधायला सँडब्लास्ट करायचा नाही. पावडर कोटिंगवाले आपलं काम म्हणून पहिलं तेच करतात, आणि उथळ ठसे त्यात पुसले जातात. पातळ नळीलाही ते मानवत नाही. पेंट रिमूव्हर कापसाने लावून वर प्लास्टिक गुंडाळायचं. मेच्या उन्हात तो पाच मिनिटांत उडून जातो आणि रंग जागचा हलत नाही, म्हणून हे काम सकाळी, सावलीत, मोकळ्या हवेत, जाड हातमोजे घालून. ठशात खडूची पूड चोळली की आकडे उठून दिसतात. सहा आकडे निघाले, अक्षर नाही. जपानच्या मियाटासारख्या कारखान्यात नंबर अक्षराने सुरू होतो आणि ते अक्षर वर्ष सांगतं (एम म्हणजे १९८४). इथे ती वाट नव्हती. मात्र त्याच सहामधले शेवटचे चार आकडे चिमट्याच्या स्टीअररवरही (डोक्याच्या नळीत जाणाऱ्या दांड्यावरही) होते. चिमटा मूळचाच, नंतर लावलेला नाही. टूरिंग फ्रेमच्या बाबतीत हे नावापेक्षा मोलाचं, कारण चिमटा बदलला की पुढच्या चाकाची चाल आणि वजन लादल्यावरचा तोल दोन्ही बदलतात.

मेकॅनिकने काढून न टाकलेला एकच मूळ भाग उरला होता: पुढचा डिरेलर (गिअर बदलताना चेन सरकवणारा भाग), चेनच्या कामाचा नसल्याने उभ्या नळीला तसाच गंजत राहिलेला. शिमानोचा. त्याच्या पट्टीच्या आतल्या बाजूला 'के सी' ही दोन अक्षरं. शिमानोच्या त्या काळच्या भागांवर पहिलं अक्षर वर्षाचं असतं, १९७६ला ए धरून, दुसरं महिन्याचं. के म्हणजे १९८६, सी म्हणजे मार्च. भाग नंतर बदललेला असू शकतो, म्हणून यावरून फ्रेमचं वर्ष १९८६ म्हणायचं नाही. पण मागच्या टोकांमधलं अंतर १२५ भरलं (वॉशर काढून, बोल्ट ढिले करून), म्हणजे मूळचं १२६. हे माप सहा-सात गिअरच्या जमान्याचं, सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासून ऐंशीच्या अखेरीपर्यंतचं. चिमट्यावरची बॅगेची भोकंही त्याच काळातली. तिन्ही एकमेकांना धरून आहेत.

उभ्या नळीवरचा हिरवा रंग ६०० नंबरच्या पॉलिश पेपरने पाणी मारत, थर मोजत उतरवला. हिरवा, रेड ऑक्साइड, मग गडद निळा, आणि निळ्यावर स्टिकरचा खालचा अर्धा भाग. '५३१' वाचता आलं. रेनॉल्ड्सची ही मँगनीज-मॉलिब्डेनमची नळी १९३५ पासूनची, बर्मिंगहॅमची. पण त्या स्टिकरवर आकड्यांच्या आजूबाजूला बारीक अक्षरांत जे लिहिलेलं असतं तेच खरं महत्त्वाचं: फ्रेमच्या तीन मुख्य नळ्याच ५३१च्या, की चिमटा आणि मागच्या नळ्याही. तो मजकूर गेलेला होता. म्हणून जबाबदारीने एवढंच म्हणता येतं की मुख्य नळ्या ५३१, आणि २७.२च्या दांड्यावरून त्या टोकाला जाड मध्ये पातळ (बटेड) अशा. मागच्या नळ्यांबद्दल दावा नाही.

निष्कर्ष असा लिहिला गेला: इंग्लिश मापाची टूरिंग फ्रेम, बहुधा इंग्लंडचीच, १९८० ते १९८८च्या दरम्यानची, मुख्य नळ्या रेनॉल्ड्स ५३१ बटेड, मूळ चिमट्यासह, उजव्या खालच्या नळीला वेल्डची इजा. कारखान्याचं नाव नाही. डॉज गॅलक्सीसारख्या त्या काळच्या टूरिंग सायकलींशी रूप जुळतं, पण लगांचा आकार आणि नंबरची पद्धत यांचा मेळ बसल्याशिवाय नाव चिकटवणं म्हणजे त्या पेंटरचंच काम.

भाव

भंगारवाल्याने तराजू काढला. चिमट्यासह, अँगल कापल्यावर, फ्रेम साडेतीन किलोच्या आत भरली. वजनाच्या भावाने चांगली फ्रेम नेहमीच सगळ्यात स्वस्त पडते, कारण ती सगळ्यात हलकी असते, पण हे त्यालाही कळत होतं. सौदा २,४०० रुपयांना झाला. घासाघीस नावावर झाली नाही. खोबण दाखवली, डीपीचा फोटो दाखवला, आणि दुरुस्तीचा खर्च त्यातून वजा करा एवढंच म्हटलं. साध्या कागदावर चिठ्ठी घेतली: तारीख, रक्कम, शेलखालचा नंबर, विकणाऱ्याची सही आणि त्याच्या दुकानाचा शिक्का. उद्या कुणी सायकल आपली म्हणून उभा राहिला तर हाच कागद लागतो.

खोबणीवर फक्त लांबी भरून रंग मारणं म्हणजे तडा झाकून ठेवणं. तिथे पातळ स्टीलची अर्धगोल पट्टी, साडेतीन-चार सेंटिमीटर लांब, टोकं निमुळती केलेली, चांदीच्या ब्रेझिंगने बसवायची. चांदीला पितळेपेक्षा कमी उष्णता लागते आणि आधीच भाजलेल्या नळीला ते सोसतं. आर्क किंवा सीओटू वेल्डिंग पुन्हा अजिबात नाही. हे होईपर्यंत पुढच्या कॅरियरवर हलक्या बॅगा चालतील, मागे वजन नको.

चाकांसाठी ६३० (२७ × १¼) की ६२२ (७००सी) मिमीची रिम हे ब्रेकच्या खुंटांवरून ठरतं. एक्सलच्या मध्यापासून खुंटापर्यंत २८८ मिमी भरलं, म्हणजे दोन्हींच्या मधलं. हायब्रिड सायकलचं एक ७००सी चाक लावून पाहिलं तर ब्रेकचे गुटके खाचेत खाली सरकवून रिमवर नीट बसले. ६२२च घेतलं, कारण त्याचे टायर जळगावला मिळतात आणि २७ × १¼ शोधत फिरावं लागतं. मागचं हब १३०चं मिळत होतं. सुस्थितीतल्या स्टीलच्या फ्रेमला दोन्ही बाजूंनी दोन-दोन मिमी पसरवणं अवघड नाही, पण इथे उजवी नळी भाजलेली, तिला ताण द्यायचा नाही. म्हणून स्क्रू-ऑन फ्रीव्हीलचं हब घेऊन डाव्या बाजूचा चार मिमीचा स्पेसर काढला, एक्सल तेवढा कापला, चाकाची डिश (रिम मधोमध आणणारी तारांची बांधणी) नव्याने बांधून घेतली, आणि सहाचं फ्रीव्हील लावलं. सातचं लावायचं तर शेवटची दातेरी चकती मागच्या वरच्या नळीला घासते का ते चेन चढवून, मागे दाब देऊन पाहावं.